डाखाचा सांधा

इटलीच्या उत्तरेस इव्ह्रेआ हे एक लहानसे नगर आहे. एके काळी ऑलिव्हेटी कंपनीच्या टंकलेखन-यंत्रांमुळे त्याचा लौकिक होता. तेथील एका संस्थेतील अध्यापकांनी २००५ साली, विद्युत्शास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही हाताळता यावा असा एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड सिद्ध केला. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेत मावलेला छोटा संगणक. त्या बोर्डाला नाव मिळाले ‘आर्दुइनो’. हे गावातल्या एका पानगृहाचे नाव. आणि पानगृहाला ते मिळाले १००२ साली इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनवरून. राजांच्या कीर्तीचा प्रवासही कसा विचित्र असतो!

अंधार पडताच सायकलीचा दिवा लागावा, टाकी भरताच घंटा वाजावी, अशी कामे बारा वर्षांच्या मुलालाही या बोर्डाकडून करवून घेता येतात. तारा नुसत्या भोकांत खोचल्या की काम भागते. म्हणून पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते की, मुलांच्या हाती तापलेले सोल्डरिंग आयर्न देऊच नये. या काळजीमागे माया आहे. पण ती मुलाला अर्ध्या वाटेवर सोडते. मेजावर झकास लागणारा दिवा रस्त्यातल्या पहिल्याच खड्ड्यात विझतो, कारण खोचलेली तार निसटते. तेथे डाखच हवा.

सोनार दागिन्याला डाख देतो, त्याच जातीचे हे काम. कथील व शिसे यांच्या मिश्रणाची नेहमीची तार १८३ अंश सेल्सिअसला वितळते. नवशिका ती आयर्नच्या टोकावर वितळवून थेंब टाकतो, आणि फसतो. आधी तारेचे टोक व तांब्याची टिकली ही दोन्ही तापवावी, मग डाख त्या सांध्याला टेकवावा. तो आपोआप पसरतो. चांगला सांधा चकचकीत आणि डोंगराच्या उतारासारखा दिसतो; फसलेला मळकट गोळा होऊन बसतो. असा गोळा मोठा लबाड. दिवा कधी लागतो, कधी नाही. मूल दोन दिवस आज्ञावलीतील चूक शोधीत बसते, आणि चूक निघते त्या गोळ्यात! हे दोन दिवस वाया गेले, असे कोणी म्हणू नये.

खिडकी उघडी असावी, डोळ्यांवर चष्मा असावा, जवळ मोठे माणूस असावे. तारेत शिसे असल्याने काम संपताच हात साबणाने धुवावेत. एवढे पाळल्यावर भिण्याजोगे फारसे उरत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावीपासूनच्या मुलांसाठी असे साहित्य देशातील हजारो शाळांत पोहोचले. पाहुणे आले म्हणजेच ते कपाटाबाहेर काढणे योग्य नव्हे. एखादा दिवा जळाला, तर तो दोन-चार रुपयांना पुन्हा मिळतो.