जकात रमजानमध्ये, फी जूनमध्ये

ठरावीक मर्यादेवरील संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना देणे ही जकात. बहुतेक कुटुंबे ती रमजानमध्येच वाटतात. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो; कॉलेजचे प्रवेश मात्र जून-जुलैतच. फीची वेळ येते तेव्हा जकात वाटून झालेली असते.

त्यात २०२२-२३ पासून अल्पसंख्याकांची केंद्रीय प्रीमॅट्रिक शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरतीच उरली. संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही नव्यांसाठी बंद झाली. शिक्षणाच्या दोन्ही टोकांचा आधार घटला.

जकात आगाऊ देण्यास बहुसंख्य उलेमांची मुभा आहे. पुढच्या वर्षीच्या जकातीतला एक वाटा जूनमध्येच गरजू विद्यार्थ्याच्या हाती पडला, तर प्रवेश हुकणार नाही.