घरातले स्टिअरिंग आणि कपाटातली किल्ली

दिवाळीपासून परिचयातील तीन घरांतून माझ्याकडे एकाच स्वरूपाची विचारणा आली. मुलगा किंवा नातू चौदा-पंधरा वर्षांचा आहे, संगणकावर अथवा प्लेस्टेशनवर मोटार शर्यतीचे खेळ खेळतो आणि आता त्याला त्यासाठी स्टिअरिंग व पायाखालची पेडल्स हवी आहेत. घ्यावीत का? घ्यायची तर कोणती? आणि फ्लॅटमध्ये ती बसवायची कोठे? निवृत्त बँक अधिकाऱ्याला हे विचारण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे खर्चाचा कोणताही प्रस्ताव एकदा तरी हिशेबाच्या माणसाच्या नजरेखालून जावा, अशी जुनी रीत आहे. या तिन्ही घरांना मी जे सांगितले, तेच येथे सविस्तर मांडतो.

प्रथम वस्तू समजून घेऊ. या स्टिअरिंगचे मर्म त्याच्या आत बसविलेल्या विद्युत मोटरमध्ये आहे. पडद्यावरची गाडी वळणावर घसरू लागली की ही मोटर हातातले चाक ओढते, गाडी खडबडीत कडेवरून गेली की हाताला हादरा देते. याला ‘फोर्स फीडबॅक’ म्हणतात. स्वस्त चाकांत केवळ स्प्रिंग असते. ती गाडीविषयी काहीच सांगत नाही, म्हणून तिच्यावर पैसे घालवू नयेत. मोटर असलेल्या चाकांत तीन प्रकार आहेत. दातेरी चक्रांचे चाक टिकाऊ असते, पण थोडे खडखडते. पट्ट्याचे त्याहून मऊ चालते. थेट मोटरच्या आसावर बसविलेले चाक, म्हणजे ‘डायरेक्ट ड्राइव्ह’, सर्वांत अचूक आणि बहुधा सर्वांत महाग. पहिल्या खरेदीला दातेरी चक्रांचे चाक पुरेसे आहे.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य पडताळावी. लॉजिटेक कंपनीचे जी२९ हे चाक प्लेस्टेशन व संगणकासाठी आहे. दिसायला जवळजवळ तसेच असलेले जी९२० हे एक्सबॉक्स व संगणकासाठी. घरात कोणते यंत्र आहे, हे पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. जुना संच घेत असाल तर चाक मध्यावर ठेवून हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहावे. तेथे ते सैल लागले, तर आतली चक्रे झिजली आहेत असे समजावे. मूळ बिल व हमीपत्र मागून घ्यावे.

एका घरातून असेही विचारले गेले, की दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर बिल घेतले तर कराची वजावट मिळेल काय. मिळणार नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार खासगी उपभोगाच्या वस्तूंवर इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही. मुलाची हौस घरखर्चाच्या खात्यात लिहावी. पेढीच्या वहीत तिला जागा देऊ नये.

आता पेडल्सविषयी. मुलांचे सारे लक्ष चाकावर असते. माझ्या मते निम्मे लक्ष ब्रेककडे असावे. साध्या संचातील ब्रेक, पाय किती खाली गेला एवढेच मोजतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारे बटण जसे काम करते, तसाच हा प्रकार. खऱ्या गाडीत मात्र चालक अंतरापेक्षा दाबाचा अंदाज घेत असतो. म्हणून वरच्या दर्जाच्या संचांत ब्रेकखाली ‘लोड सेल’ बसवितात. आपल्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याच्या तबकाखाली वजन मोजणारा जो भाग असतो, त्याच जातीचा हा भाग. काटा ग्रॅम मोजतो, ब्रेक पायाचा जोर मोजतो. दाबाची आठवण अंतराच्या आठवणीपेक्षा पक्की राहते. म्हणून पुढे कधी खर्च वाढवायचा झाला, तर चाकाआधी ब्रेक बदलावा.

क्रांती चौकाजवळ माझा पुतण्या राहतो. त्याच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवासाठी हा संच आला, तेव्हा जोडणीच्या वेळी मी तेथे होतो. चाक अभ्यासाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळले. टेबल भक्कम लाकडी असल्याने ते निभावले. काचेच्या किंवा हलक्या घडीच्या टेबलावर हे चाक कधीही लावू नये. खरी पंचाईत जमिनीवर झाली. गुळगुळीत टाइल्सवर ब्रेक दाबला, की पेडल्स भिंतीकडे सरकत आणि चाकांची खुर्ची मागे पळे. “आजोबा, गाडी थांबायच्या आधी मीच मागे जातो,” असे नातवाने सांगितले, तेव्हा सगळे हसले. पण दोष त्याने अचूक ओळखला होता.

उपाय सुताराकडे होता. जाड प्लायवूडची सुमारे चार फुटांची फळी घेतली. तिच्या पुढच्या टोकाला पेडल्स स्क्रूने पक्की केली आणि मागच्या भागावर जेवणाच्या टेबलाची साधी चार पायांची खुर्ची ठेवून तिच्या मागच्या पायांमागे एक आडवी पट्टी ठोकली. आता पायाचा जोर पुढे जातो आणि त्याच फळीवरची खुर्ची तो पाठीमागून अडवते. दोन्ही एकाच फळीला बांधलेली असल्याने काहीच सरकत नाही. फळीखाली रबरी चटई टाकली, म्हणजे ब्रेकचे धपके खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना ऐकू जात नाहीत. हजारोंच्या यंत्राला या किरकोळ खर्चाने स्थैर्य आले.

जोडणीचा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पेडल्सची वायर संगणकाला जोडायची नसते. ती चाकाच्या तळाशी असलेल्या खाचेत बसते. नंतर वीज द्यावी आणि शेवटी यूएसबी वायर थेट यंत्राला लावावी. त्याच क्षणी चाक आपोआप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते व आपला मध्य शोधते. तेव्हा त्यावर कोणाचा हात नसावा. घरात लहान मूल असेल तर त्याला दूर ठेवावे.

बसण्याचे मापही सोपे आहे. पाठ टेकवून हात पुढे केला असता मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकावे, आणि ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहावा. पडदा चाकाच्या लगेच मागे, डोळ्यांच्या उंचीवर असावा. भिंतीवरच्या दूरच्या टीव्हीवर खेळले तर वेग आणि वळण या दोहोंचा अंदाज फसतो. खेळाच्या सेटिंगमध्ये चाकाचा फेरा ९०० अंश, म्हणजे अडीच वळसे ठेवावा. आपल्या घरच्या गाडीचे चाकही साधारण तेवढेच फिरते. चाकाचा जोर आरंभी निम्माच ठेवावा. जोर जास्त म्हणजे खरेपणा जास्त, हा गैरसमज आहे. मोटर आपल्या मर्यादेला पोहोचली, की बारीक हादरे त्या ओढीत हरवून जातात. पहिल्या आठवड्यात एका बैठकीला वीस मिनिटे पुरेत, कारण डोळे गती पाहतात आणि शरीर मात्र स्थिर असते. त्यातून काहींना मळमळ होते.

पहिला खेळ शर्यतीचा नसावा, असा आग्रह मी धरला. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या खेळात मालवाहू ट्रक चालवायचा असतो आणि त्यातील इंग्लंडच्या रस्त्यांवर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. “ट्रक काय चालवायचा, आजोबा?” अशी नाराजी प्रथम व्यक्त झाली. परंतु लांबलचक ट्रेलर मागे घेऊन गोदामाच्या दारी लावताना चार वेळा फजिती झाली, तेव्हा आपल्या पेढीवर माल घेऊन येणाऱ्या चालकांविषयी त्याच्या बोलण्यात आदर उमटला. महिनाभराने ‘असेटो कोर्सा’ हा शर्यतीचा खेळ सुरू झाला. त्यासाठी मी त्याला एक जुनी रोजकीर्द दिली. एकच गाडी, एकच ट्रॅक, रोज दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीची वेळ लिहायची आणि एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. आठ दिवसांत त्याच्या ध्यानात आले, की जोरात वळणात शिरणारा मागे पडतो, आणि सरळ रस्त्यावरच ब्रेक पुरा करून शांतपणे वळणारा पुढे निघतो. मी सांगून जे पटले नसते, ते वहीतल्या आकड्यांनी पटविले.

येथपर्यंत सारे जमेच्या बाजूला होते. मग एका शनिवारी पुतण्या मला म्हणाला, “काका, आता याचा हात चांगला बसला आहे. उद्या पहाटे जालना रोड मोकळा असतो. आकाशवाणीपर्यंत एक चक्कर मारू देतो, मी शेजारी बसेन.” मी नको म्हणालो. त्याला ते रुचले नाही. तो प्रेमापोटीच बोलत होता, हे मला कळत होते. पण कर्जाच्या प्रस्तावात तारण जितके कोरडेपणाने पाहावे लागते, तितकेच हेही पाहावे लागते.

आम्ही गॅलरीत उभे राहिलो. खाली क्रांती चौक होता. पैठण गेटकडून रिक्षा येत होत्या, उस्मानपुऱ्याच्या बाजूने दुचाकी वळत होत्या, सिग्नल सुटण्याआधीच दोघे-तिघे पुढे सरकले होते आणि एक वृद्ध गृहस्थ हात दाखवीत मधूनच रस्ता ओलांडीत होते. शर्यतीच्या ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने धावतात, सर्व चालकांना एकच नियम ठाऊक असतो आणि पादचारी नसतोच. घरातले चाक हात-पायांना शिकविते. समोरचा माणूस पुढच्या क्षणी काय करील हे ओळखायला शिकवीत नाही. शहरात गाडी चालविणे म्हणजे मुख्यतः तेच ओळखणे होय.

“पण त्या सिनेमातला मुलगा खेळातूनच रेसर झाला ना?” नातवाने विचारले. खरे आहे. कार्डिफमध्ये वाढलेला यान मार्डनबरो ‘ग्रॅन तुरिस्मो’ हा खेळ खेळत २०११ मध्ये निसानची जीटी अकादमी स्पर्धा जिंकला आणि २०१३ मध्ये ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरे स्थान मिळविले. परंतु खेळ जिंकल्यावर त्याला थेट शर्यतीत सोडले नाही. आधी खऱ्या ट्रॅकवर कठोर प्रशिक्षण झाले. एवढे होऊनही मार्च २०१५ मध्ये जर्मनीतील न्युरबुर्गरिंग येथे त्याची गाडी हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. घरातल्या खेळात गाडी उलटली तर ‘पुन्हा सुरू करा’ असे बटण असते. रस्त्यावर ते नसते.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. जून २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खुलताबादजवळ सुलीभंजनच्या डोंगरावर गाडी शिकणाऱ्या एका तरुणीकडून रिव्हर्स गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला गेला आणि गाडी मागे जाऊन दरीत कोसळली. ती वाचली नाही. त्याच्या महिनाभर आधी पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेल्याचे प्रकरण देशभर गाजले. त्यात मुलाच्या वडिलांनाही अटक झाली.

कायदा काय सांगतो, तेही पुतण्याला वाचून दाखविले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या पेढीच्या नावावर आहेत; तेथे मालक म्हणून पेढीचेच नाव पुढे येते. परवाना नसलेल्या चालकाच्या अपघातात विमा कंपनीने पीडिताला भरपाई दिली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा राहू शकतो. हा बोजा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण तो असतो.

आणखी एक गोष्ट, जी घरोघरी सर्रास चालते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या विनागिअर दुचाकीपुरता असतो. मुले ज्या स्कूटरवर क्लासला जातात, त्या बहुधा ११० ते १२५ सीसीच्या असतात. म्हणजे ‘गिअरची नाही, म्हणून चालते’ हा समज चुकीचा आहे. पुतण्याने मोटारीबरोबर स्कूटरचीही किल्ली कपाटात ठेवली. नातू आता क्लासला सायकलने जातो. चार दिवस तो रुसला होता, एवढे मात्र नमूद करायला हवे.

तर माझा सल्ला असा. घरखर्चाच्या अंदाजपत्रकात बसत असेल, तर संच अवश्य घ्यावा. मुलगा एकाग्रता शिकतो, नोंदी ठेवायला शिकतो, क्लच आणि ब्रेक यांत पायाची गफलत होऊ न देण्याची सवय लावून घेतो. अठरावे वर्ष लागले, की त्याला रीतसर प्रशिक्षण केंद्रात घालावे. मान्यताप्राप्त केंद्रांसाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत सिम्युलेटर आणि स्वतंत्र चाचणी मार्ग या दोहोंची अट आहे. तेथील हलक्या वाहनाच्या २९ तासांच्या अभ्यासक्रमात ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रत्यक्ष सरावाचे असतात. सरकारनेही सिम्युलेटर मान्य केला, पण त्यावर थांबले नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. संच दिवाणखान्यात असू द्यावा, म्हणजे घरातल्यांचेही लक्ष राहते. आणि ज्या दिवशी तो घरी येईल, त्याच दिवशी मुलाला समोर बसवून स्पष्ट सांगावे, की हे चाक आजपासून तुझे आहे. गाडीची किल्ली परवान्यानंतर.