पोर मठ्ठ नव्हे, शिकवणी अपुरी!

मावळांत, शिरगांवच्या शिवारांत भातलावणी सुरू झाली कीं शाळेंतील मागची रांग ओस पडते. कोणी धाकटें भावंड सांभाळतें, कोणी आईबरोबर चिखलांत उभें राहतें. पंधरा दिवसांनीं पोर परत येतें, तों वर्ग पुढें गेलेला असतो. मग जोडाक्षर अडतें, हातच्याची वजाबाकी अडते आणि आम्ही मास्तर मंडळी बेधडक शेरा मारतों, "मठ्ठ आहे!" बापहि मान डोलावतो, "आमच्या नशिबीं विद्या नाहीं." बंधुभगिनींनो, हा शेरा साफ खोटा आहे! खाचरांतील रोप पाण्यावांचून पिवळें पडलें तर शहाणा शेतकरी बियाण्यास शिव्या देत नाहीं. तो पाणी वळवितो.

पैसेवाला पोरास शिकवणी लावतो. मजुरानें काय करावें? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकरी-मजुरांकरितां रात्रीची शाळा काढली. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. दार उघडलें, पण आंत बसलेल्या प्रत्येक पोरास वाचतां आलें पाहिजे, हें काम अजून पुरें झालेलें नाहीं.

आतां कायदा तुमच्या बाजूस आहे. शिक्षकानें प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पारखून जरूर तेथें जादा शिकवावें, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें २४ वें कलम सांगतें. परीक्षेंत नापास झालेल्या पोरास जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यावी, असें २०१९ ची दुरुस्ती सांगते. म्हणजे जादा तास ही मास्तरांची मेहेरबानी नव्हे. तो पोराचा हक्क आहे.

पण मागितल्यावांचून हक्क हातीं येत नाहीं. शाळा व्यवस्थापन समितींत चारांपैकीं निदान तीन सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या, असें हाच कायदा म्हणतो. तुम्ही मात्र सही-अंगठा करून घरीं परततां! पुढच्या सभेंत उभे राहून विचारा, "आमचें पोर पुस्तकाचें एक पान वाचतें काय? नसेल तर त्याचा जादा तास कधीं?" तो तास शाळेच्या वेळांतच मागा, संध्याकाळीं पोरांस घरचें काम असतें. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज शिक्षकांस इतर सरकारी कामास जुंपूं नये, हें २७ वें कलमहि तेथें वाचून घ्या. म्हणजे आम्हांस सबब उरणार नाहीं.

पोराच्या नांवापुढचा खोटा शेरा तुम्हीच उभे राहून खोडला पाहिजे.