माळढोकाचे गणित

माळढोक पक्ष्याच्या रक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाने एक जुना वाद मिटला, असे मानण्याची घाई कोणी करू नये. एप्रिल २०२१ मध्ये याच न्यायालयाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरांच्या टापूत विजेच्या उघड्या तारांवर निर्बंध घातले होते. सौरऊर्जेच्या कामात त्याने अडथळा येतो, अशी तक्रार झाल्यावर मार्च २०२४ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. आता त्या समितीच्या शिफारशींनुसार राजस्थानातील १४,०१३ व गुजरातेतील ७४० चौरस किलोमीटर क्षेत्र अग्रक्रमाचे ठरले आहे. सरसकट बंदीपेक्षा पक्ष्याच्या वावराची पाहणी करून आखलेली मर्यादा अधिक न्याय्य होय, याविषयी दुमत होऊ नये.

या पक्ष्याच्या बाबतीत शास्त्राने आपले काम चोख बजावले आहे. माळढोकाचे शरीर जड, नजर समोरच्या बाजूस तोकडी; त्यामुळे उडताना आडवी आलेली तार त्यास वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी चटकन वळता येत नाही. थरच्या वाळवंटात सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रात दरवर्षी सर्व जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी तारांना बळी पडतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. माळढोकाची मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते. २०१८ च्या सुमारास ज्या जातीचे देशात दीडशेहून कमी पक्षी उरले होते, तिला हा जमाखर्च परवडणारा नाही, हे कळण्यास प्राथमिक शाळेतील वजाबाकी पुरे.

२०१९ पासून रानातील अंडी उबवणयंत्रात उबवून जैसलमेर जिल्ह्यात पिले वाढविली जात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनाने पिलू जन्मास आले. हे यश कौतुकास्पद आहे. परंतु ही पाखरे उद्या सोडावयाची कोठे? पिंजऱ्यात जात टिकेल, पण माळ टिकला नाही तर तिचे घर टिकले असे म्हणता येणार नाही. यंत्र अंडे उबवू शकते. माळ उबवू शकत नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी नान्नजकडे पाहावे. सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचे! गावे, शेते, रस्ते सारेच त्या रेषेच्या आत आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्याच्या शेजारी हा पक्षी पिढ्यान् पिढ्या नांदला, त्यास तो शत्रू वाटू लागला. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. पण तोवर बराच उशीर झाला होता. आता तेथे एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. रेषा आधी आणि अभ्यास मागाहून, या उफराट्या क्रमाचे फळ पक्षी व माणूस या दोघांनीही भोगले.

सौरऊर्जा नको, असे आमचे म्हणणे नाही. हवामान बिघडू नये म्हणून तीही हवीच आणि भारी दाबाच्या सर्वच तारा जमिनीखाली नेणे सोपे नाही, हेही खरे. म्हणूनच प्रकल्पाची जागा ठरण्यापूर्वी पक्ष्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या पाहिजेत, त्या लोकांपुढे ठेवल्या गेल्या पाहिजेत आणि सरकारी दप्तरात गवताळ माळास ‘पडीक जमीन’ म्हणण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. ज्यास आपण पडीक म्हणतो, तेथेच मेंढपाळाची मेंढरे चरतात आणि माळढोकाची अंडी असतात.

राष्ट्रीय पक्षी निवडण्याच्या वेळी डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचे नाव पुढे केले होते. १९६३ मध्ये तो मान मोरास मिळाला. मानाविषयी आमची तक्रार नाही. माळढोकास हवा आहे तो मान नव्हे, मोकळा माळ. तो कोठे राखावा, हे शास्त्राने दाखवून दिले आहे. राखावयाचा की नाही, हे मात्र शासनाने व आपण नागरिकांनी ठरवावयाचे आहे.