शाळा बांधताना मुलांना कोण विचारतो?

इंग्लंडमध्ये शालेय इमारतींचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. 2023 च्या ऑगस्टअखेरीस, शाळा उघडण्याच्या तोंडावर, हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे बांधकाम धोकादायक ठरले आणि शंभराहून अधिक शाळांना इमारती वा त्यांचे भाग बंद करण्याचा आदेश मिळाला. पुनर्बांधणीची योजना 2020 मध्येच जाहीर झाली होती. दहा वर्षांत सुमारे 500 शाळा. चर्चा होते ती निधीची आणि मुदतीची.

याच देशाने एकदा मुलांना विचारले होते. 2001 मध्ये ‘द गार्डियन’ वृत्तपत्राने ‘मला हवी असलेली शाळा’ या विषयावर त्यांच्या कल्पना मागविल्या आणि हजारो मुलांनी त्या कळविल्या. सॉरेल फाउंडेशनने तर विद्यार्थ्यांच्या गटालाच मालकाच्या जागी बसविले. वास्तुविशारदाने गरज त्यांच्याकडून समजून घ्यायची आणि आराखडा त्यांनाच दाखवायचा. चित्रकला स्पर्धा घेऊन बक्षिसे वाटण्याहून ही गोष्ट अगदी निराळी.

मुलांच्या बोलण्यात वारंवार आली ती शौचालये. शिक्षकांची नजर जिथे पोहोचत नाही, तिथेच दांडगी मुले लहानांना गाठतात. म्हणून कित्येक मुले दिवसभर पाणी पिण्याचेच टाळतात. यावर उपायही निघाला: हात धुण्याची जागा व्हरांड्यातून दिसेल अशी उघडी आणि प्रत्येक शौचकूप मात्र पूर्ण दाराचा, आतून बंद होणारा.

आपल्याकडील एका शाळेच्या इमारत समितीवर मीही बसलो आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीवर आम्ही तासभर खल केला. मुलींच्या शौचालयाला आतून कडी आहे का, हे कुणीच विचारले नाही, मीसुद्धा नाही.

इंग्लंडमधील तो प्रयोग पुढे क्षीण झाला. सर्व माध्यमिक शाळा नव्याने उभारण्याच्या वा सुधारण्याच्या ज्या योजनेत विद्यार्थ्यांशी विचारविनिमय अपेक्षित होता, ती जुलै 2010 मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. सातशेहून अधिक शाळांची कामे थांबली. 2012 मध्ये ठरावीक नमुना-आराखडे आले: क्षेत्रफळ कमी, वक्र भिंती नकोत. काटकसर समजू शकते. वक्र भिंतीवाचून कुणाचे शिक्षण अडत नाही. शिवाय शाळा उभी राहीपर्यंत मत देणारा पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून गेलेला असतो, ही अडचणही खरी. तरीही ठरावीक साच्याच्या इमारतीत दार कुठे उघडावे, दप्तर कुठे ठेवावे आणि दुपारच्या सुटीत एकट्या मुलाने कुठे बसावे, हे ठरवायचे उरतेच. अकरा वर्षांच्या मुलाला विचारले, तर तो पुढील सहा-सात वर्षे तिथेच असतो.