डोंगरी सायकल : हौस आणि निगा

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शाळेच्या सायकलतळाचें रूप पार पालटून गेलें आहे. पूर्वीं तेथें काळ्या रंगाच्या, उंच दांड्याच्या, एकसारख्या दिसणाऱ्या सायकली रांगेनें उभ्या असत. आतां जाड टायरांच्या, रंगीबेरंगी, पुढें स्प्रिंगांचे खांब आणि हँडलावर गिअरच्या कळा असलेल्या डोंगरी सायकलींनीं ती जागा व्यापिली आहे. विद्यार्थी त्यांस ‘एमटीबी’ म्हणतात. हा पालट पाहून नाक मुरडावें असें आम्हांस वाटत नाहीं. मुलें मोटारसायकलीच्या मागें न लागतां स्वतःच्या पायांच्या बळावर चालणारें वाहन मागतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु जून महिन्यांत आलेली नवी कोरी सायकल दिवाळीच्या सुटीपूर्वींच गंजल्या साखळीनें करकरूं लागते, आणि पुढील जूनमध्यें ती कुंपणास टेकून बेवारशासारखी उभी राहते, हेंहि आम्ही पाहत आलों आहों. म्हणून या विषयावर आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. मुलानें डोंगरी सायकलीचा ध्यास घेतला होता. त्यांनीं विचारिलें, “सर, घेऊं का? आणि घ्यावी तर कोणती?” आम्ही त्या वेळीं उत्तरपत्रिका तपाशीत होतों. मान वर न करितांच आम्हीं म्हटलें, “मुलाची हौस आहे, घ्या कीं!” त्या गृहस्थांनीं दरमहा पगारांतून रक्कम बाजूस काढून सायकल घेतली. दुकानदारानें ती पेटींतून काढून घाईघाईनें जोडून दिली. तिसऱ्याच आठवड्यांत शाळेमागील टेकडीच्या उतारावर पुढच्या ब्रेकची तार नटांतून निसटली. मागचा ब्रेक आधींच सैल होता. मुलगा घाणेरीच्या झुडपांत जाऊन पडला. त्याच्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें, आणि सहामाही परीक्षा त्यास लेखनिकाच्या हातून द्यावी लागली. देवाच्या कृपेनें त्याहून अधिक कांहीं झालें नाहीं. मागाहून आम्हीं ती सायकल नीट पाहिली, तों पुढचा चिमटा, म्हणजे ज्यांत चाक बसतें तो भाग, उलटा बसविलेला आढळला. त्या वडिलांनीं आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. परंतु त्यांनीं विचारिलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्या दिवशीं दिलें नव्हतें. तें आज देत आहों.

प्रथम ही सायकल आली कोठून तें पाहूं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, मरीन नांवाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या, टाकाऊ सायकली दुरुस्त करीत, त्या डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेनें खालीं सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं अशा एका वाटेवर शर्यत लाविली. ती वाट सुमारें २ मैलांत सुमारें १३०० फूट खालीं उतरते. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबांत, म्हणजे तुंब्यांत असे, आणि पायडल उलटें दाबलें म्हणजे तो लागे. पायथ्याशीं पोहोंचेपर्यंत तो इतका तापे कीं आंतील ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि पुन्हा उतरण्यापूर्वीं हब उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. म्हणून त्या शर्यतीचें नांवच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असें पडलें. पुढें १९७७ सालीं त्यांच्यापैकीं जो ब्रीझ यानें केवळ डोंगरासाठीं नवा सांगाडा बनविला. १९७९ सालीं गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. आणि १९८१ पासून त्या कारखान्यांत मोठ्या संख्येनें निघूं लागल्या. १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीस स्थान मिळालें.

ही हकीकत सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ज्या वस्तूची आमच्या मुलांस एवढी हौस, तिचा जन्मच मुळीं दुरुस्ती करणाऱ्या हातांतून झाला आहे. ते तरुण दुकानांतून दिमाख विकत घेऊन डोंगरावर गेले नव्हते. आपल्या सायकलीचा प्रत्येक नट त्यांच्या ओळखीचा होता. आम्हीं मात्र त्यांचें वाहन घेतलें आणि त्यांचा पाना तेवढा मागें ठेविला.

आतां निवडीविषयीं. पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, वाटेचा आहे. घरापासून शाळेपर्यंत डांबरी रस्ता असेल, तर खोल खांचांचा जाड टायर व स्प्रिंगांचा चिमटा हें निव्वळ ओझें होय. टायर रस्त्यास ओढून धरतो, आणि पायांनीं लाविलेल्या बळाचा कांहीं भाग स्प्रिंगांच्या झुलण्यांत वायां जातो. अशा मुलानें साधी, ताठ चिमट्याची सायकल घ्यावी. परंतु जो वाडीवस्तीवरून खडकाळ पायवाटेनें येतो, अथवा सुटींत खरोखरच डोंगर चढतो, त्याची डोंगरी सायकलीची मागणी रास्त आहे. तेथें जाड टायर दगडावर पकड धरतो आणि लहान गिअर चढणीवर छातीचा भाता होऊं देत नाहीं. मात्र एक नियम ध्यानांत ठेवावा : ठराविक पैशांत जितके देखावे अधिक, तितका प्रत्येक भाग निकस. स्वस्त सायकलीस पुढेंमागें दोन्हीकडे स्प्रिंगा दिसल्या, तर त्यांची किंमत ब्रेक, हब व साखळी यांच्या दर्जांतून वसूल केलेली आहे असें खुशाल समजावें. गिअरांच्या संख्येनेंहि भुलूं नये. २१ गिअर म्हणजे पुढच्या ३ व मागच्या ७ दंतचक्रांचा गुणाकार. त्यांतील कित्येक जोड्या जवळजवळ सारख्याच असतात, आणि साखळी फार तिरपी जाते अशा जोड्या तर वापरूंच नयेत.

दुसरा प्रश्न मापाचा. आमचे पालक गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तशीच सायकलहि दोन मापें मोठी घेतात. सदरा ढगळ झाला तर मुलगा पडत नाहीं. सायकल मोठी झाली तर पडतो. दोन्ही पाय जमिनीवर टेकून सायकलीच्या दांड्यावर उभें राहिल्यास दांडा व शरीर यांत निदान २ इंच अंतर राहिलें पाहिजे. डोंगरी वाटेसाठीं त्याहून अधिक असावें. सीटवर बसून पायडल अगदीं खालीं नेलें व त्यावर टांच ठेविली असतां पाय सरळ व्हावा. मूल वाढेल तशी सीट वर घेतां येते. तथापि तिच्या नळीवर जी शेवटची खूण कोरलेली असते, तिच्यापलीकडे ती कधींहि उपसूं नये. चाकाचें मापहि पाहावें. मुलांच्या सायकलींस २४ इंची, मोठ्यांच्या सायकलींस २६, साडेसत्तावीस व २९ इंची अशीं चाकें येतात. आपल्या तालुक्याच्या गांवीं ज्या मापाचे टायर-ट्यूब मिळतात, तेंच माप आपलें.

तिसरा प्रश्न ब्रेकचा. चाकाच्या कडेस रबरी गुटके लागतात तो ब्रेक स्वस्त व दुरुस्तीस सोपा. पण पावसांत व चिखलांत त्याची पकड मंदावते. चकतीचा ब्रेक तेथें सरस ठरतो. मात्र तारेनें चालणारा असेल तर तो वारंवार नीट लावावा लागतो, आणि आंतील द्रवाच्या दाबानें चालणारा असेल तर जाणता कारागीर जवळ असला पाहिजे. दुकानांतून निघण्यापूर्वीं चिमटा सरळ आहे ना तें पाहावें, दोन्ही ब्रेक सर्व शक्तीनें दाबून पाहावे, हँडल व चाकांचे नट आवळलेले आहेत कीं नाहीं याची खात्री करावी. घरपोंच पेटींतून सायकल मागविली असेल, तर ती जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घेतल्यावांचून मुलास देऊं नये. नव्या तारा थोड्या दिवसांत सैल पडतात. म्हणून महिन्याभरांत एकदां सायकल पुन्हा दाखवावी.

आणि खर्च? प्रभु येशूनें बुरूज बांधणाराचा दृष्टांत सांगितला आहे. पाया घालण्यापूर्वीं बसून हिशेब न करणाऱ्या मनुष्याचें काय होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं उपासनेंत अनेकदां ऐकिलें आहे. सायकलीची किंमत हा त्या बुरुजाचा पाया होय. शिरस्त्राण, पंप, कुलूप, दिवा, पुढें लागणारे टायर, साखळी, ब्रेकचे गुटके आणि वर्षाचें ओव्हरहॉलिंग, हा वरचा चिरेबंदी भाग. सर्व पैसा सायकलींतच घालून पंपासाठीं हात आंखडूं नये. थोडी कमी किंमतीची, परंतु सांभाळतां येईल अशी सायकल घेणें यांत कमीपणा नाहीं. घरांत आजोबांची जुनी सायकल असेल आणि वाट सपाट असेल, तर तीच दुरुस्त करून वापरण्यांत तर मोठेपणाच आहे.

आतां निगेविषयीं, आमच्या मतें हाच या विषयाचा गाभा होय. रोज निघतांना हवा, दोन्ही ब्रेक व चाकांचे नट एवढें पाहावें; यास प्रार्थनेच्या घंटेइतकाहि वेळ लागत नाहीं. टायरवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. तिच्या आंत राहावें. आठवड्यास अर्धा तास साखळीस द्यावा. ती फडक्यानें पुसावी, प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा एक थेंब सोडावा, पायडल फिरवावें आणि वरचें तेल पुन्हा पुसून टाकावें. तेल सांध्यांत हवें. वर राहिलें तर धूळ धरून तें कानशीसारखें साखळी झिजवितें. चाकाच्या कडेस अथवा ब्रेकच्या चकतीस मात्र तेलाचा स्पर्शहि होतां कामा नये. पावसाळ्यांत चिखल धुवावा, पण हबांवर पाण्याचा जोराचा झोत मारूं नये. आंत पाणी गेलें म्हणजे ग्रीस निकामी होतें व छर्रे गंजतात. साखळीची झीज मोजण्यास फूटपट्टी पुरे. एका पिनेवर शून्य ठेवावें. नव्या साखळींत पुढची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाचा सोळावा भाग पुढें गेली, तर साखळी बदलावी. आठवा भाग पुढें जाईपर्यंत थांबलेला मनुष्य साखळीबरोबर दंतचक्रेंहि गमावितो. आळसाचा दंड इतक्या अचूकपणें मोजून दाखविणारें दुसरें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं.

कोणी पालक म्हणतील, “अभ्यास सोडून मुलानें हात काळे कां करावे? मिस्त्री आहे कीं.” मिस्त्रीचा मान आम्ही जाणतों. चाकाचा आउट काढणें, हब उघडून छर्रे बदलणें हीं त्याच्या कसबाचीं कामें त्यासच द्यावींत, व योग्य मोबदला घासाघीस न करितां द्यावा. परंतु ब्रेकची तार सैल आहे हें पाहण्यास मिस्त्री रोज सकाळीं दाराशीं येणार नाहीं. शिवाय हात काळे झाल्यानें विद्या मलिन होते, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांतील सायकलींच्या एका दुकानांतून झाला, आणि अमेरिकेंतील राइट बंधूंनीं १९०३ सालीं विमान उडविलें तें सायकलींच्या दुकानांत कमावलेल्या हातांनीं. प्रत्येक मुलगा कारखानदार होईल असें नव्हे. पण आपल्या हातीं सोंपविलेली वस्तु विश्वासूपणें राखणें हें प्रत्येकास साधेल. जो साखळीची करकर ऐकून न ऐकल्यासारखें करितो, तो उद्यां अधिक मोठ्या गोष्टींचीहि करकर ऐकणार नाहीं, अशी आम्हांस भीति वाटते.

म्हणून आमची सूचना अशी : सायकल घेऊन देण्यापूर्वीं पालकांनीं मुलाकडून, अथवा मुलीकडून, आठवड्याच्या त्या अर्ध्या तासाचें वचन घ्यावें, आणि शाळेनें सायकलतळाच्या एका कोपऱ्यांत पंप, दोन-चार पाने व तेलाची बुधली ठेवून शनिवारीं एक तास या कामास द्यावा. त्या तासास मुलींसहि बोलवावें. वाटेंत पंक्चर झालेली ट्यूब ती कोणाची आहे हें विचारीत नाहीं.

ज्या मुलाचें मनगट मोडलें होतें, त्याची हकीकत पुरी करून हा लेख संपवितों. हाड सांधल्यावर त्यानें व त्याच्या वडिलांनीं मिळून ती सायकल एका वृद्ध मिस्त्रीच्या देखरेखीखालीं पूर्ण खोलली, चिमटा सरळ बसविला, तारा बदलल्या. तो शाळा सोडून गेला, तरी ती सायकल अद्याप आमच्या तळांत रोज येते; आतां त्याची धाकटी बहीण ती चालविते. परवां आम्हीं सहज तिचा पुढचा ब्रेक दाबून पाहिला. चाक जागच्या जागीं थांबलें. ती हंसून म्हणाली, “सर, सकाळींच पाहिला आहे.”