काचेच्या पेटीतील गुराब

मराठ्यांच्या लढाऊ जहाजाची प्रतिकृती म्हणून दिवाणखान्यांतून आणि शाळांच्या कपाटांतून जे मांडले जाते, ते पाहून आम्हास संकोच वाटतो. तोफांच्या खिडक्यांच्या दोन दोन रांगा, पिछाडीस कोरीव गवाक्षे, तीन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडांची उतरंड, आणि वर भगवा! इंग्रजांच्या जहाजास आपले निशाण लावले की ते कान्होजी आंग्र्यांचे झाले, अशी ही समजूत.

कारागिरांचे उत्तर ठरलेले असते: गुराबेचा आराखडा मिळत नाही, तेव्हा कल्पनेने भर घालावी लागते. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले आणि मोजून पाहावी अशी गुराब आज उरली नाही, हे खरे. पण म्हणून कल्पनेस मोकळे रान मिळत नाही. रॉबर्ट ऑर्म हा तर शत्रुपक्षाचा इतिहासकार. त्याने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुराबेचे नेटके वर्णन दिले आहे. लांबीच्या मानाने ती रुंद, मध्यापासून टोकांकडे निमुळती, फार थोड्या पाण्यात तरंगणारी. डोलकाठ्या बहुधा दोन, क्वचित तीन. तोंडाशी भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी पुढे आलेली नाळ, आणि तिच्यामागील आडव्या फळीभिंतीतून थेट पुढे मारा करणाऱ्या ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या.

सारे मर्म या नाळेत आहे. शत्रूच्या कुशीस कूस लावून झुंजावे, हा गुराबेचा डावच नव्हे. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते तिला ओढीत शत्रूच्या पिछाडीस आणीत आणि तेथून त्याच्या डोलकाठ्यांवर मारा होई. पेटीतील दोन मजली डौलातून यातले काय कळते? तेवढे ओझे घेऊन ते जहाज खाडीत शिरणार तरी कसे?

कसोटी सोपी आहे. १:४८ या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा होतो. तेवढा बाहुला नाळेच्या तोफेमागे उभा करावा, दुसरा गलबतात वल्ह्याशी बसवावा. तोफ मागे सरकण्यास जागा नसेल, वल्हे पाण्यास पोचत नसेल, तर कितीही पॉलिश चढवले तरी ती प्रतिकृती खोटी. (मूळ जहाज सागाचे म्हणून लहान फळ्याही सागाच्याच हव्यात, हा हट्टही सोडावा, एवढ्याशा फळीवर सागाची शीर दोरखंडाएवढी जाड दिसते.)

आराखडा नसणे ही सबब तर आता मुळीच चालणार नाही. अजिंठ्याच्या चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचे ‘कौंडिण्य’ गोव्यात बांधले गेले आणि २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झाले. त्याची लहान प्रतिकृती आधी पाण्यात तपासली होती. गुराबेच्या ज्या भागांचे वर्णन मिळत नाही, ते कोकणच्या पातमारीवरून घ्यावेत, इंग्रजी फ्रिगेटीवरून नव्हे. आणि ते रंग न देता कोऱ्या लाकडात ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्यास ठाऊक असलेले कोणते आणि तर्काचे कोणते हे चिठ्ठीवाचून कळेल.